तीन नंबरचं दार

हवालदार कुंडलिक उतेकरांना ओळखत नाही असा माणूस चारकोपमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि ओळखणाऱ्यांपैकी निम्मे तरी त्यांना थोडे चक्रम समजतात. सहासष्टाव्या वर्षी माणसाने नातवंडं खेळवावीत, संध्याकाळी बागेच्या कट्ट्यावर बसून सरकारला चार शिव्या घालाव्यात. हा गृहस्थ रोज सकाळी सहाच्या ठोक्याला दाढी करून, इस्त्रीची पँट चढवून म्हाताऱ्यांच्या दारांवर टकटक करत फिरतो. म्हातारेही असे, की आतून ओरडतात, "एक!" "दोन!" "तीन!" शेजारच्या सोसायटीने एकदा तक्रार केली होती, की सकाळी सकाळी ही कसली लिलावाची बोली चालते म्हणून.

उतेकर मूळचे पोलादपूरकडचे. वडील परळला गिरणीत, आणि मुलगा मॅट्रिक होताच फौजेत. चोवीस वर्षं मराठा पलटणीत काढून, तिथेच हवालदार होऊन, डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्फात ठेवून ते परत आले आणि बोरीवलीच्या एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले. फौजी माणसाला मुंबई याहून वेगळं काय देणार? गेट, रजिस्टर आणि शिट्टी.

त्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर देवदत्त सबनीस नावाचे एक रिटायर्ड गृहस्थ एकटे राहायचे. रोज साडेपाचला खाली उतरायचे. उतेकर कडक सॅल्यूट ठोकायचे, सबनीस हातातली काठी जराशी उचलायचे. एवढीच ओळख. एका दिवाळीत सबनीस खाली दिसेनात. उतेकरांना वाटलं, मुलीकडे गेले असतील. मुलीला वाटलं, बाबा फोन उचलत नाहीत म्हणजे रागावलेत. शेवटी जिन्यात वास यायला लागला. दाराला आतून कडी होती. सुतार बोलावून दार तोडलं तेव्हा पाच दिवस उलटून गेले होते.

त्या दिवशी उतेकरांनी गेटवरचं रजिस्टर उघडून पाहिलं. आलेल्याची नोंद होती, गेलेल्याची होती. जो आलाच नाही, त्याची कोण ठेवणार? फौजेत सकाळच्या गिनतीत एक माणूस कमी भरला तर अख्खी कंपनी जागची हलत नाही. इथे एकशे बारा फ्लॅटच्या सोसायटीत एक माणूस पाच दिवस कमी भरला, आणि कोणाच्या चहात साखर कमी पडली नाही. उतेकर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले आणि घास घेता घेता बायकोला म्हणाले, "वनमाला, आपली मागची खोली रिकामी कर. एकटी पडलेली माणसं आणायची आहेत मला."

"अहो, दोनच तर खोल्या आपल्याला," वनमालाबाई म्हणाल्या. "त्यातली एक लोकांच्या आईबापांना?"

"मग काय दोन्ही देऊ?"

तर अशी सुरुवात. धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जोडे झिजवून त्यांनी 'सोबत' नावाची संस्था उभी केली. पुढे चारकोपच्या सेक्टरात लागून लागून दोन घरं मिळाली, मग जुन्या फौजी दोस्तांना हाताशी धरून बोरीवलीला दुसरी संस्था आणि तिसरं घर. एकूण एकोणीस माणसं. उतेकरांच्या घरांत नियम दोनच. पहिला, कुठल्याही खोलीच्या दाराला आतून कडी नसेल. ज्या दिवशी घर ताब्यात आलं त्या दिवशी त्यांनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सगळ्या कड्या काढल्या. लाजेसाठी पडदा, आणि बाथरूमवर 'आत माणूस आहे' अशी फिरवायची पाटी. दुसरा नियम गिनतीचा. सहाला टकटक, आणि आतून ज्याचा त्याचा नंबर. आवाज आला नाही तर हवालदार दार ढकलून आत. सबनीसांसारखं मरण माझ्या घरात कोणाला येणार नाही, असं ते म्हणायचे आणि पंधरा वर्षं ते खरं ठरलं होतं.

तीन नंबरच्या खोलीत मालनबाई दळवी. सांताक्रूझच्या एका बालवाडीत एकतीस वर्षं शिकवलेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या संसारात राबलेल्या. भाऊ-वहिनी गेल्यावर भाच्याने, सर्वेशने, पुण्याला फ्लॅट घेतला. त्यात हॉल बसला, दोन बेडरूम बसल्या, देवघरसुद्धा बसलं. आत्या तेवढी बसली नाही. सहा वर्षांपूर्वी त्या एक पिशवी आणि एक पितळी डबा घेऊन 'सोबत'मध्ये आल्या, आणि पहिल्याच दिवशी हवालदारांना म्हणाल्या, "भाऊ, मला जिना नको आणि दाराजवळची खोली द्या. दाराजवळ राहायची सवय आहे मला."

ही सवय कुठली, ते त्या रंगून सांगायच्या. "मोठ्या शाळेतली बाई फळ्याशी उभी असते. बालवाडीतली दाराशी. जून महिन्यात पोरं दाराला नुसती चिकटलेली असतात. आई दिसेनाशी झाली की जो हंबरडा! अशा वेळी उभं राहून बोलायचं नाही. खाली बसायचं, त्याच्याएवढं व्हायचं आणि सावकाश सांगायचं, रडायचं नाही हां, आई येणारच आहे न्यायला. आपला आवाज कापला की खेळ खलास. पोराला बरोबर कळतं."

गिनती सगळ्यांत जास्त आवडली ती मालनबाईंना. एक नंबरचे अंबादास, गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, पहिली दोन वर्षं नुसते गुरगुरायचे. मालनबाई मात्र वर्गातल्या हुशार मुलीसारख्या खणखणीत 'तीन' म्हणायच्या. बाहेरून हवालदार म्हणायचे, "शाब्बास, बाई!" आणि पुढच्या दाराकडे वळायचे. संस्थेला कोणी पाहुणे आले की ते मुद्दाम सांगायचे, "सत्त्याहत्तर वय आहे बाईंचं. आवाज ऐका."

गेल्या दिवाळीत दर्शनाने पहिल्यांदा विषय काढला. दर्शना म्हणजे 'सोबत'चा स्वयंपाक आणि वरची सगळी कामं करणारी बाई, तोंडाने फटकळ पण मनाने लाख.

"काका, बाईंचं काहीतरी बिनसलंय. काल मला क्षमा म्हणून हाक मारली, आज गंधाली. चहात मीठ घातलं दोनदा. आणि सकाळी मलाच विचारतात, मोरी कुठल्या बाजूला गं?"

"गिनतीला आवाज देतात ना?"

"ते देतात हो, पण..."

"मग झालं तर. वय झालं की नावं विसरतातच. मला तरी तुझ्या नवऱ्याचं नाव आठवतंय का?"

"तुम्ही त्याला कधी भेटलाच नाहीत, काका," दर्शना म्हणाली आणि पीठ मळायला निघून गेली. उतेकर हसले. पुढे तिने आणखी दोनदा सांगून पाहिलं, आणि दोन्ही वेळा हवालदारांनी तेच उत्तर दिलं. ज्या शिस्तीवर घर उभं केलं, तिच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कशावर?

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. मंगळवार होता. सहाला गिनती झाली, तीन नंबरचा आवाज नेहमीसारखा आला. पावणेआठला दर्शना चहा घेऊन गेली तर अंथरूण नीट घडी केलेलं, चपला पलंगाखाली आणि बाई नाहीत. दार लोटलेलं होतं. कडी असती तर निदान वाजली असती, पण कडी कुठे होती?

सकाळभर सेक्टर पालथा घातला. मग हवालदार पोलीस ठाण्यात गेले. फॉर्म भरून घेणाऱ्याने विचारलं, "आजींची मानसिक स्थिती?"

"एकदम फर्स्ट क्लास," उतेकर ताठ उभे राहून म्हणाले. "आज सकाळी सहाला गिनतीला हजर होत्या."

"भांडण वगैरे?"

"आमच्याकडे भांडणं होत नाहीत."

"मग स्वतःहूनच गेल्यात. स्वतःहून गेलेलं माणूस परत येतं, हवालदारसाहेब. नातेवाइकांकडे चौकशी करा." त्याने तसंच लिहून घेतलं, आणि उतेकरांनी खाली झोकात सही ठोकली. पुढे त्या सहीची आठवण आली की त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटायचं.

मग तीन दिवस तो माणूस बसला नाही. लाल पेन्सिलीने नकाशा आखून सेक्टर वाटून दिले. फौजी दोस्त मोटरसायकलींवर फिरले. गोराईची जेटी झाली, देवळं झाली, राष्ट्रीय उद्यानाचं गेट झालं. प्रत्येक रिक्षा स्टँडवर फोटो दाखवून झाला. डोंगरात हरवलेली तुकडी शोधून आणणारा हा माणूस, पण इथे डोंगर नव्हता, माणसंच माणसं होती, आणि त्यांतल्या एकानेही नाकात चमकी घातलेली अनवाणी बाई पाहिली नव्हती. पाहिली असेल तर ती पाहून पुढे गेला होता. तिसऱ्या दिवशी वनमालाबाईंनी ताट वाढलं, तर हवालदार ताटाकडे बघत म्हणाले, "गिनतीत एक कमी आहे." आणि हात धुऊन उठले.

शुक्रवारी दुपारी फोन आला. दर्शनाने मालनबाईंचा फोटो दिसेल त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, तो फिरत फिरत सांताक्रूझकडच्या एका हॉस्पिटलातल्या श्रुतिका नावाच्या नर्सपर्यंत पोचला होता.

"काका, आमच्या वॉर्डात मंगळवार संध्याकाळपासून एक आजी आहेत. फोटोतल्याच वाटतात. पण नाव सांगत नाहीत."

"मालन. मालन दळवी."

"मी हाक मारून बघितली त्या नावाने. बघतच नाहीत. नाव विचारलं की 'तीन' म्हणतात. गाव विचारलं तरी 'तीन'. जेवलात का, तरी 'तीन'. पण म्हणतात मात्र एकदम जोरात, हसून. आमचा सगळा वॉर्ड त्यांना तीन आजीच म्हणतो."

हवालदारांनी फोन दर्शनाच्या हातात दिला. पत्ता तिने लिहून घेतला.

सगळा उलगडा मागाहून झाला. जिथे पूर्वी बालवाडी होती त्या बंद इमारतीच्या पायरीवर बाई बसलेल्या सापडल्या होत्या. चारकोपहून त्या तिथवर कशा पोचल्या, हे कोणालाच कळलं नाही. त्यांनी सांगायचं म्हटलं तर त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. हॉस्पिटलने त्याच संध्याकाळी पोलिसांना कळवलं होतं: अनोळखी वृद्धा, स्मृती गेलेली. आणि उतेकरांच्या सहीचा कागद सांगत होता: वृद्धा, मन ठणठणीत, स्वतःहून गेलेली. हे दोन कागद एकाच बाईचे आहेत असं कोणाच्या बापाला सुचणार होतं? आपण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे हवालदारांना परत येताना टॅक्सीत कळून चुकलं. शेजारी मालनबाई होत्या, तळपायांना फोड, मांडीवर हॉस्पिटलने दिलेली केळी. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, मधूनच हवालदारांकडे वळून ओळखीचं हसत होत्या. ओळख मात्र त्या हसण्यात नव्हती.

बाईंचं सगळं कधीपासून पुसत चाललं होतं, कोण जाणे. आठ महिने? वर्ष? रोज सकाळी आपण टकटक केली, आवाज आला आणि आपण चौथ्या दाराकडे गेलो. दार उघडून कधी आत डोकावलं नाही. सबनीसांची काठी वर झाली की खूश आणि बाईंचा आवाज आला की खूश. आपण माणसं नाही मोजली, आवाज मोजले. हे उतेकरांनी रात्री बायकोजवळ बोलून दाखवलं. वनमालाबाईंनी नुसता पाठीवरून हात फिरवला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे आता मागे फिरायचं नाही, एक मिनिट नजरेआड करू नका. सांगणं सोपं असतं. दर्शनाला घरी दोन लहान मुली, ती संध्याकाळी सहानंतर थांबू शकत नव्हती. वनमालाबाईंचे गुडघे कामातून गेलेले. अशा पेशंटला ठेवणाऱ्या जागा उतेकरांनी एकेक करून पाहिल्या. एका ठिकाणी एकेचाळीस जणांची वेटिंग लिस्ट. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, भटकणारा पेशंट आम्ही घेत नाही. तिसऱ्या ठिकाणी रक्ताच्या नातेवाइकाने स्वतः येऊन सही करायला हवी. सर्वेशला फोन लावला.

"अहो, तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत, उतेकर काका," तो म्हणाला. "महिनाअखेर जमतंय का बघतो यायला." महिना संपला, मग दुसरा संपला.

तोवर हवालदारांनी स्वतःच पहारा दिला. तीन नंबरच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. बर्फात उभ्याने पहारा दिलेला माणूस, पण तेव्हा तो तिशीतला होता. एका दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागला. जाग आली ती हॉर्नच्या कल्लोळाने. मालनबाई मेन रोडच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर एक रिक्षा तिरकी होऊन थांबली होती. रिक्षावाला पांढराफटक पडला होता. "अरे काका, बांध के रखो ना अपने लोगों को!" तो ओरडला, आणि लगेच स्वतःच खाली उतरून बाईंना हाताला धरून फुटपाथवर घेऊन आला.

संध्याकाळी अंबादास काठी टेकत हवालदारांच्या खोलीत आले.

"हवालदार, तुमची ती शिस्त गेली खड्ड्यात. उद्या बाई चाकाखाली जाईल. कडी लावा."

"माझ्या घरात कडी नाही लागणार, अंबादासभाऊ."

"आतली नको म्हणालात, बाहेरची कुठे म्हणालात? लावा. मला काय आनंद होतोय का सांगताना?" अंबादासांचे डोळे भरले होते. हा माणूस पंधरा वर्षांत रडला नव्हता, आणि आता म्हातारा ओठ चावत उभा होता.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. घराचं पुढचं दार लावायचं तर एकीपायी सगळेच कोंडले जाणार. उतेकरांनी आणखी एक दिवस काढला, आणखी दोन ठिकाणी फोन केले आणि मग हात टेकले. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्यांनी कडी मागितली.

"आतून लावायची की बाहेरून?" दुकानदाराने विचारलं.

हवालदारांनी उत्तर दिलं ते त्याला ऐकूच गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. "बाहेरून," ते म्हणाले, आणि उगाचच बरण्यांमधल्या खिळ्यांकडे बघत राहिले.

सुतार त्यांनी बोलावला नाही. कड्या स्वतःच्या हाताने काढल्या होत्या, तर लावायचीही स्वतःच. डाव्या हाताच्या थोट्या बोटांतून स्क्रू निसटत होते. मालनबाई आतल्या बाजूला उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. दोनदा खाली पडलेला स्क्रू त्यांनीच वाकून उचलून दिला.

"छान बसली," कडी बसल्यावर त्या म्हणाल्या. तीन सोडून दुसरा शब्द त्यांच्या तोंडून कित्येक दिवसांनी आला होता. हवालदारांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वनमालाबाईंनी विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"नको."

दाढी केली, पँट चढवली, सहाला बाहेर पडले. पहिल्या दारावर टकटक केली. "एक," अंबादास म्हणाले, पण असं, की जणू एक म्हणायची लाज वाटत होती. "दोन." मग तिसरं दार. नवी कोरी कडी लाईटखाली चमकत होती. आधी कडी काढायची की आधी टकटक करायची, हे हवालदारांना कळेना. पंधरा वर्षांच्या सवयीने हात वर गेला आणि टकटक झाली.

आतून 'तीन' आलं नाही. पावलं आली. दार आतून ओढलं गेलं, कडी खडखडली. पुन्हा ओढलं गेलं. मग तिसऱ्यांदा, जरा जोरात. उतेकरांनी कडीवर हात ठेवला, पण तो हलेना. दार उघडलं तर बाई रस्त्यावर, नाही उघडलं तर बाई कोंडलेल्या, आणि हेच आता उद्या, परवा, रोज. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. दाबायला गेले तर आणखी मोठा निघाला. सहासष्ट वर्षांचा तो हवालदार पॅसेजमध्ये उभा राहून हुंदके द्यायला लागला, आणि थांबवता येईना.

आतली खडखड थांबली. लुगड्याची सळसळ झाली, गुडघा कटकन वाजला, आणि मग मालनबाईंचा आवाज आला तो दाराच्या अगदी खालून, जमिनीजवळून. त्या खाली बसल्या होत्या.

"कोण रडतंय रे तिकडे?" त्या म्हणाल्या. "दार उघडत नाही होय? उघडतील हां. रडायचं नाही. मी आहे ना इथे. आई येणारच आहे न्यायला."

सावकाश बोलल्या. आवाज जरासुद्धा कापला नाही.

"हो, बाई," हवालदार म्हणाले.